मागची सीट

"उतर गं," गॅरेजसमोर मोटरसायकल बंद करून जावई म्हणाला. कोणी उतरलं नाही.

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. मागच्या सीटवर त्याची लेक असायला हवी होती. सीट रिकामी होती.

"ती कुठंय, जावईबापू?"

जावयानं वळून पाहिलं. मग वाकून गाडीखालीही पाहिलं, जणू बायको ऑइलसारखी गळून तिथं साचली असावी.

"आत्ता तर होती!"

या माणसाची गाडी चार गल्ल्या आधी ऐकू यायची. चहावाल्याचे कप आपसूक बशीतून खाली उतरायचे, आणि समोरच्या दंतवैद्याचे पेशंट घाबरून भलताच दात दाखवून बसायचे. सायलेन्सरमधली आवाज दाबणारी जाळी काढायचा हट्ट त्याचाच. "आवाज असला की लोक बाजूला होतात, जीव वाचतो," हे तो हेल्मेट हँडलला लटकवून सांगायचा. आवाज मागून निघतो आणि धडक पुढून बसते, हे मिस्त्रीनं त्याला एकदा समजावलं होतं. त्या डोक्यात शिरायला हेल्मेटची अडचण नव्हती, तरी शिरलं नाही. शेवटी जावयाचा मान म्हणून मिस्त्रीनंच जाळी कापून दिली.

"वाटेत काही बोलणं झालं?"

"बोलतच होतो की मी."

"आणि ती?"

जावई खिसे चाचपू लागला.

मिस्त्रीनं लेकीला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. वाटेतल्या पुलाच्या उतारावरचा खड्डा आणि मागून सुसाट येणारे ट्रक त्याच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. जावई पुन्हा गाडीवर बसायला निघाला, तशी मिस्त्रीनं किल्ली काढून घेतली.

"माझ्या स्कूटरवर बसा. आणि घट्ट धरा. तुम्ही पडलात तर शोधायला कुणी येणार नाही."

पुलावर मिस्त्री बैलगाडीच्या चालीनं गेला. कडेला पडलेलं एक पोतं दिसलं, तर उतरून पायानं हलवून आला.

पुलापलीकडच्या सिग्नलजवळ, बँकेच्या पायरीवर लेक बसली होती. हेल्मेट मांडीवर, कपड्यांना धूळसुद्धा नाही. मिस्त्रीनं स्कूटर पायरीसमोर थांबवून पाय टेकला.

"कुठं पडलीस?" जावयानं विचारलं.

"पडतेय कशाला? लाल दिवा लागला, उतरले."

"अगं, सांगायचं तरी!"

"तीनदा सांगितलं, तुझं घर सोडतेय म्हणून. तिसऱ्यांदा तू मान हलवलीस."

मिस्त्रीला हसू आवरेना. "वा, जावईबापू! बायको गेली, तीही तुमच्या परवानगीनं!"

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्हालाही सांगितलं होतं."

"मला? कधी?"

"याचा सायलेन्सर बसवून तुम्ही गाडी रेस करून बघत होतात, तेव्हा. याच्या घरी आता राहणं होत नाही, म्हणाले. तुमच्या शेजारीच उभी होते मी."

"मग मी काय म्हणालो?"

"मान हलवलीत."

स्कूटर अजून चालूच होती. मिस्त्रीनं ती बंद केली, स्टँडवर लावली आणि पायरीवर लेकीशेजारी येऊन बसला.

"सांग," तो म्हणाला.