एकही तक्रार नाही

वर्गात आपल्या वस्तीशेजारच्या कचरा डेपोवर बोलायचं होतं म्हणून नातीने फोनवर ‘कचऱ्याचा वास’ असं शोधलं, तर घरात फवारायच्या अत्तरांच्या जाहिराती निघाल्या. आजीने नाक मुरडलं.

“शी! उकिरड्यावर अत्तर शिंपडतायत मेले. चल वाचनालयात.”

तिथल्या बाईंनी संगणकावर वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह उघडून दिला. नातीने वस्तीचं नाव घातलं, यंदाचं साल निवडलं आणि पहिलीच बातमी मनातल्या मनात दोनदा वाचली.

“दातखीळ बसली का गं? मोठ्याने वाच.”

“‘डेपोला वास नाही. शेजारच्या वस्तीतून एकही तक्रार नाही, मी स्वतः तिथेच राहतो, असं नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी म्हणाले.’ आजी, हे आपले बाबा.”

आजीने पडद्यावरचं नाव स्वतः वाचून पाहिलं. वास येतो म्हणून स्वयंपाकघराची खिडकी याच लेकाने खिळे ठोकून बंद केली होती. वर ताटावरच्या माशा वारायला आई हवीच!

“भाषणातून बाबांचं नाव गाळू का गं?” नातीने हळूच विचारलं.

पोटच्या पोराचं नाव चारचौघांत निघणार, म्हणून आजी आधी ‘हो’च म्हणणार होती. मग तिने तोंड पुसलं.

“गाळतेस कशाला? हुद्द्यासकट घाल. आणि खाली लिही, एकही तक्रार नाही कशी? त्याची आई रोज त्याला वाढताना करते.”

घरी येताच तिने पक्कड घेऊन खिडकीचे खिळे उपटले, आणि जेवायच्या वेळी साहेबांचं ताट त्या उघड्या खिडकीखाली मांडलं.