जित्या माणसाची तसबीर

धर्मापुरीत माणसाची रंगीत तसबीर भिंतीवर लागायची तर आधी त्याला मरावं लागतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. यशोधरालाही होतंच. पण मुक्ताबाई जेव्हा तिला म्हणाल्या, "कांदे-वांगी पुरे झाली. आता माणूस रंगवायचा, आणि तोही फोटोवरून नाही, समोर बसलेला, जिवंत," तेव्हा आनंदाच्या भरात तिला त्याची आठवणच झाली नाही.

मुक्ताबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर पोरांचा मेळा भरे. पाण्याचे रंग सगळ्यांना मिळत, तेलरंग मात्र मोजक्यांना. त्यासाठी बाईंची एकच परीक्षा होती, वाट बघता येते का? जवसाच्या तेलातला रंग कित्येक दिवस वाळत नाही. वाळला का, म्हणून ज्याचं बोट चित्राला लागलं, तो पुन्हा पाण्याच्या रंगांकडे. यशोधराचं बोट सहावीत असताना निळं झालं होतं, सातवीत तांबडं. आठवीत गेल्यावर मात्र तिनं दोन्ही हात मागे बांधून चित्राभोवती फिरायला शिकून घेतलं.

माणूस रंगवायचा खरा, पण बसणार कोण? पप्पा खुर्चीत बसले की पेंगत. मम्मी नर्स, ती म्हणाली, "माझी ड्युटी तू करतेस का?" शेजारच्या भिवराबाईंनी तर कानावर हात ठेवले. "नगं गं माय, तसबिरीचं नाव काढू नगंस. नातीचं लगीन बघायचंय मला अजून!" दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. एकीनं तर दार लावून घेतलं, जणू यशोधरा ब्रश घेऊन नाही, यमाचा दोर घेऊन आली होती.

शेवटी साखराबाई भेटली. बाईंच्या समोरच तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक छबुबाई दूर कडा गावी नांदत होती, आणि साखराबाई रोज मेंढरं घेऊन माळावर जायची. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, नाक धारदार, आणि आवाज असा की तिनं माळावरून हाक मारली तर गावातली माणसं वळून बघायची.

"नुसतं बसायचं हाय ना?" ती म्हणाली. "सारी जिंदगी मेंढरामागं हुबी हाय मी. कुनी बस म्हनलं न्हाई. बसते की!"

"आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कशाची? मरन काय तुज्या ब्रशाला बांधलंय व्हय?"

यशोधराचा जीव भांड्यात पडला. पण एक गोष्ट तिला कळून चुकली होती. हा पहिला माणूस बिघडला, तर गावात दुसरा कुणी तिच्यासमोर बसायचा नाही. पुन्हा आपले कांदे आणि वांगी.

दुपारी मेंढरं लिंबाखाली विसावली की साखराबाई ओसरीवर येऊन बसू लागली. आणि इथंच घोटाळा झाला. एरवी जिचं तोंड झोपेतही मिटत नसेल, ती बाई खुर्चीत बसली की दगड व्हायची. हात गुडघ्यांवर, मान ताठ, ओठ शिवल्यासारखे, डोळे समोर. आधार कार्डाच्या फोटोसाठी बसतात तशी.

"आजी, बोला की."

साखराबाई ओठ न हलवता म्हणायची, "तसबीर हालंल."

"नाही हो हलत!"

"गप. काढ तू."

मग यशोधराही गप काढू लागली. गोंदणाचा हिरवा रंग कातडीच्या वर नाही, खाली आहे असा दिसायला हवा, म्हणून तिनं तो आधी लावून त्यावर पातळ तांबूस हात फिरवला. तो इतका साधला की तिचं तिलाच नवल वाटलं. नाकही जमलं. मागची भिंत मात्र तिनं आभाळी निळी केली आणि डोक्याभोवती थोडा उजेड ठेवला. का, ते तिला सांगता आलं नसतं. तसबिरी अशाच असतात, एवढंच तिनं आजवर पाहिलं होतं.

मुक्ताबाईंनी चित्राकडे पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. पोरांच्या चुका त्या लगेच पुसत नसत. पिकू द्यायच्या आणि मग पोरालाच तोडायला लावायच्या, अशी त्यांची रीत.

रविवारी सकाळी बाईंनी ते चित्र उजेडाला म्हणून बाहेर ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं. ओल्या रंगावर माश्या बसायला लागल्या, म्हणून शेजारी दोन उदबत्त्या लावल्या आणि त्या पोरांना शिकवायला आत गेल्या.

त्याच वेळी साखराबाईच्या दिराचा, शेजारच्या गावात राहणारा मुलगा पवन मोटरसायकलवरून परळीला कामावर निघाला होता. त्यानं ओट्याकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. निळ्या आभाळात काकू. डोक्याभोवती उजेड. समोर उदबत्त्या. त्यानं समोर पाहिलं, तर काकूच्या घराला कुलूप. साखराबाई तर पहाटेच माळावर गेली होती, पण पवनला वाटलं, सगळे मसणवट्यात गेले असणार. तो गाडीवरून उतरला, हात जोडले, चित्राचा फोटो काढला आणि डोळे पुसत तिथंच उभ्याउभ्या स्टेटस ठेवलं. 'आमच्या लाडक्या काकू. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली जोडलेल्या हातांच्या चार इमोजी.

दुपारी ओसरीवर पोरं वांगी रंगवत होती, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली आणि तिच्यातून रडण्याचा असा कल्लोळ उठला की पोरांच्या हातातले ब्रश खाली पडले. छबुबाई पुढं, तिच्यामागं जावा, नणंदा, पोरंसोरं. छबुबाईनं ओट्यावरची तसबीर पाहिली आणि तिच्यासमोर अंगच टाकलं.

"आई गंऽऽ! मला न भेटता गेलीस गंऽऽ! दिवाळीला ये म्हनलीस, मी आले न्हाई गंऽऽ!"

मुक्ताबाई धावत बाहेर आल्या. "अहो छबुबाई, ऐका तरी! कोण गेलं?" पण त्या रडण्यापुढे त्यांचा आवाज म्हणजे ढोलापुढे टिचकी. यशोधराही दारात आली. सगळी माणसं तिच्या चित्राकडे बघून रडत होती.

आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून मेंढरं आली. मेंढरांमागं साखराबाई.

"कोन मेलं गं?" तिनं लांबूनच आवाज दिला.

रडणं थांबलं, नळ बंद केल्यासारखं. एक नणंद मटकन खाली बसली. छबुबाईनं एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि किंचाळून आईच्या गळ्यात पडली. आता ती रडत होती, हसत होती आणि आईच्या पाठीत बुक्क्याही घालत होती.

"जिती हायस व्हय गं तू? मग सांगायचं न्हाई व्हय!"

"काय सांगू? मी जिती हाय, जिती हाय, म्हून रोज दवंडी पिटू?" साखराबाई म्हणाली. मग सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोनी सांगितलं तुमाला?"

सगळ्यांची बोटं मागं वळली. पवनही परळीला जाऊन, सुट्टी टाकून परत आला होता आणि जीपच्या आडोशाला लपू बघत होता.

"इकडं ये बे! आरं भाड्या, कुलूप बघितलंस, उदबत्ती बघितलीस, मला इचारलंस का? मेलेल्या मानसाला इचारायची बी रीत असती!"

सगळे खो-खो हसले. फक्त यशोधरा हसली नाही, कारण छबुबाई डोळे पुसत चित्राकडे वळली होती आणि तिनं चित्र उचलायला हात पुढं केला होता.

"ही तसबीर आधी हिरीत टाका. आवदसा हाय ही. जित्या मानसावर रडले मी."

"नको!" यशोधराच्या तोंडून निघून गेलं. "मावशी, ते चित्र... ते आजींचंच आहे. जिवंत आजींचं."

"जितं हाय? मग आमी सगळे कावून रडलो?"

यशोधरानं बाईंकडे पाहिलं. बाई तिची बाजू घेतील असं तिला वाटलं होतं. पण बाई चित्रासमोर उकिडव्या बसल्या आणि तिलाही जवळ बसवून घेतलं.

"छबुबाई बरोबर बोलतात, बाळ. चूक एकट्या पवनची नाही. बघ बरं नीट. या आजी कुणाकडे बघतात?"

यशोधरानं पाहिलं. चित्रातले डोळे कुणाकडेच बघत नव्हते. समोर कमरेवर हात ठेवून खरी साखराबाई पवनला झापत होती. तिचा एक डोळा बारीक झाला होता, एक भुवई वर गेली होती, आणि उघड्या तोंडात खालचे दोन दात दिसत होते. गोंदण तेच, नाक तेच. पण ही बाई निराळीच होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "रंग अजून ओला आहे."

मुक्ताबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्या उठून छबुबाईकडे वळल्या. "दिवस मावळेपर्यंत वेळ द्या पोरीला. तोवर विहीर कुठं पळून जात नाही."

"मामा यायचाय अजून," छबुबाई म्हणाली. सटवामामा, साखराबाईचा धाकटा भाऊ, तेलगावला राहायचा. त्याच्याजवळ मोबाईल नव्हता. निरोप उशिरा मिळाला आणि तो एसटीत बसला, एवढंच कळलं होतं. "त्याला काय बी ठाव न्हाई. त्यानं तसबिरीला हात जोडले, की टाकलीच मी हिरीत."

"चालंल!" साखराबाई टाळी वाजवत म्हणाली. "मी दाराआड लपते. माजा भाऊ मला किती रडतो, ते बघायचंय मला."

यशोधराला घाबरायलाही सवड मिळाली नाही. तिनं चित्र ओसरीवर आणलं, चिंधी घेतली आणि आधी ते निळं आभाळ पुसलं. त्या जागी ओसरीच्या भिंतीचा मातकट रंग आला, लिंबाच्या सावलीसकट. मग पातळ सुरीनं तोंड खरवडलं. समोर साखराबाई जावयाच्या बहिणींना चहा करायला लावत होती, साखर किती घालायची यावरून भांडत होती, पवनकडून मेंढरं कोंडून घेत होती. कुणीही तिला बस म्हटलं नाही. यशोधरा तिच्यामागं डोळ्यांनीच धावत होती.

"ओठ रंगवू नकोस," बाई मागून म्हणाल्या. "ओठांच्या मधला अंधार रंगव. ओठ आपोआप येतील."

तिनं अंधार रंगवला. पण तोंड चिकटवल्यासारखं दिसू लागलं.

"तोंड एकटं कधी बोलत नाही, बाळ. तोंड उघडलं की गाल सरकतो, गाल सरकला की डोळा बारीक होतो. सगळ्या घराला खबर लागते."

यशोधरानं गाल सरकवला. डोळा बारीक केला. बुबुळ बाजूला नेलं, जणू आत्ताच कुणीतरी फाटकातून उशिरा आलंय. भुवई वर ओढली. शेवटी ब्रशाच्या टोकावर तिळाएवढा पांढरा घेऊन तिनं खालच्या दातावर आणि डोळ्यात टेकवला, आणि हात मागे घेतला. मागे उभी असलेली पोरं एकदम एक पाऊल सरकली.

"आरं बाप," एक पोरगं म्हणालं, "आता हाणती बघ!"

दिवस कलला होता. ओसरीत फिका, पिवळा उजेड होता. एसटी येऊन गेल्याचा आवाज झाला आणि साखराबाई लगबगीनं दाराआड गेली. बायका पदर तोंडावर घेऊन बसल्या. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते, आणि बघणाऱ्याला त्या रडताहेत असंच वाटलं असतं.

सटवा आला. उंच, वाळकट म्हातारा, खांद्यावर घोंगडी, हातात झेंडूचा भलामोठा हार. डोळे सुजलेले. तो सरळ ओसरीची पायरी चढला. यशोधरानं दोन्ही हात मागे बांधून घेतले. छबुबाई पुढं वाकली.

सटवानं मान वर केली. समोर चित्रातली बहीण भुवई चढवून, तोंड उघडून त्याच्याकडे बघत होती. तो जागच्या जागी थबकला. हार धरलेला हात खाली गेला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्याच्या तोंडून शब्द निघाले,

"आता वरडू नगंस गं आक्का! यस्टीच उशिरा आली, मी काय करू?"

दाराआड जो हशा फुटला, तो माळावरही ऐकू गेला असेल. साखराबाई पोट धरून बाहेर आली. सटवानं तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. पवननं त्याला धरून खुर्चीत बसवलं.

"मेली न्हाईस?"

"तू हार आनायला यवढा उशीर केलास, मग मी तरी कावून घाई करू?"

छबुबाई चित्राजवळ आली. विहिरीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मग यशोधराच्या कानाशी येऊन तिनं अगदी हळू विचारलं, "माझी काढशील का गं? मला बी असं वरडावं लागंल का?"

"तुम्ही आजींशी भांडत बसा, मावशी," यशोधरा म्हणाली. "मी काढते."

"मग आधी माजी," छबुबाईची जाऊ मागून म्हणाली. "मी भांडनात हिच्या पुढं हाय."

त्यावरून तिथंच दोघींची जुंपली. पण यशोधराचं लक्ष तिकडे नव्हतं. खुर्चीत सटवा बसला होता. त्याचे डोळे अजून वाहत होते आणि तोंड मात्र हसत होतं. गालावरची एक सुरकुती रडण्याची होती की हसण्याची, ते कळत नव्हतं. उजेड जेमतेम उरला होता. तिनं हळूच कोरा कॅनव्हास स्टँडवर चढवला.

"मामा," ती म्हणाली, "बोलत राहा. थांबू नका."