दोनदा मिटलेले ओठ

मौन ही अभिनयाची सर्वोच्च भाषा होय. अजमानमधल्या आमच्या मराठी मंडळातल्या सत्काराच्या पत्रिकेसाठी मी हे वाक्य लिहून दिलं. सचिव सोमनाथने ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘गाड्या वाळूत लावू नयेत.’

सत्कार अन्वरीबींचा होता. वय पंच्याऐंशी, गाव रत्नागिरीजवळचं, मुक्काम नातवाकडे. मूकपटांच्या काळात नऊ चित्रपटांच्या नायिका. लग्न झाल्यावर नवऱ्याने फोटो चुलीत घातले, हे त्या हसत सांगत. उरली होती एका चित्रपटाची चार मिनिटं, नातवाने मुंबईहून आणलेल्या कॅसेटवर. तिच्यातही नाव येत होतं ते कंपनीने ठेवलेलं, मिस समिधा.

“नानी, दॅट्स नॉट यू,” बारा वर्षांची पणती सफा म्हणाली होती. “हर नेम इज समिधा.”

चुलीतले फोटो त्यांनी पचवले होते. हे वाक्य मात्र पचेना.

म्हणून कॅसेट लावण्याआधी त्यांनी सफाला जवळ बसवलं. “ती बाई रडेल. मग पाटी येईल, ‘प्राणनाथ’. पाटी वाचू नको, ओठ बघ. मी बोंबील म्हटलंय.”

“बोंबील?” सोमनाथ दचकला. “आजी, तो विरहाचा सीन आहे.”

“काय बोलू विचारलं, तर डायरेक्टर म्हणाले, मनात असेल ते बोल, ऐकतंय कोण. सकाळपासून पोटात काही नव्हतं रे.”

टीव्हीवर सतरा वर्षांची एक मुलगी खांबाला टेकून रडली. तिचे ओठ हलले. पाटी आली. सोमनाथने टेप मागे नेली, पुन्हा लावली. सभागृहात बांधकामाच्या साइटवरची कोकणातली मंडळी बरीच होती. सगळे पुटपुटू लागले. प्राणनाथ म्हणताना ओठ एकदा मिटतात. बोंबील म्हणताना दोनदा. मुलीचे दोनदा मिटले होते.

तिसऱ्या खेपेला सफाही पुटपुटली. मग ती टीव्हीकडे न बघता नानीच्या तोंडाकडे बघत राहिली.

“इट्स यू,” ती हळूच म्हणाली.

अन्वरीबींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढची तीन भाषणं त्यांनी ऐकली असतील असं वाटत नाही. माझंही त्यात होतं.

शेवटी सोमनाथने माइक त्यांच्यापुढे धरला. सिनेमात ज्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नाही त्या आता बोलणार, म्हणून लोकांनी खुर्च्यासुद्धा हलू दिल्या नाहीत.

“जेवणात बोंबील असतील तर मला मऊ बघून द्या,” त्या म्हणाल्या. “दात राहिले नाहीत.”