माझा वेग आणि आश्रुबांच्या ओव्या

मित्रांनो, तुमच्या वितीएवढी लांब, हिरव्या अंगाची आणि खालच्या कडेला सोनेरी दात असलेली मी एक रॅमची पट्टी आहे. आता जुनी झाले आहे. संगणक ज्या क्षणी जे काम करतो, ते तेवढ्यापुरते मी धरून ठेवते. चित्र असो, गाणे असो, नाहीतर तुमच्या परीक्षेचा अर्ज असो, डिस्कमधून निघाले की आधी माझ्याकडे येते आणि मग पुढे जाते. वीज गेली की मी सगळे विसरते. तुम्ही म्हणाल, मग ही विसरभोळी बाई आत्मवृत्त कसे सांगणार? कामाचे विसरते हो, पण स्वतःची चूक काही विसरता येत नाही. आजची गोष्ट माझ्या चुकीचीच आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तासन् तास तपासले आणि पाठीवर ३२०० अशी चिठ्ठी चिकटवली. म्हणजे इतक्या वेगापर्यंत ही पट्टी चुकणार नाही, असा कारखान्याचा शब्द. तिथून मी बीडच्या दुकानात आले आणि बीडहून चौसाळ्याला, महामार्गाला लागून असलेल्या वर्षाराणीच्या फोटो स्टुडिओत. वर्षाराणी लग्नाचे व्हिडिओ जोडायची, वाढदिवसाचे फ्लेक्स करायची, पासपोर्टचे फोटो काढायची. तिचा संगणक स्वस्तातला, सुटे भाग आणून जोडलेला. त्याच्या साध्या बोर्डाने मला सव्वीसशे सहासष्टवरच ठेवले. अशा बोर्डांना मुद्दाम सांगितल्याशिवाय ती वेग वाढवत नाहीत. मीही आरामात होते.

हा आराम वर्षाराणीच्या नवऱ्याच्या, त्रिंबकच्या, डोळ्यांत खुपला. तो लग्नात कॅमेरा धरायचा आणि उरलेला वेळ मोबाइलवर संगणकाचे व्हिडिओ बघायचा.

"पाठीवर बत्तीसशे लिवलंय अन् पळती सव्वीसशेवर? कावून?" तो म्हणाला.

त्याने संगणक सुरू होण्याआधीची सेटिंग उघडून मला बत्तीसशेवर नेले. वर्षभर मी एकही आकडा चुकले नाही. व्हिडिओ लवकर तयार होऊ लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझे कौतुक सांगू लागला. खरे सांगते, कौतुक मला आवडायचे. मग त्याची हाव वाढली. त्याने छत्तीसशे लावून पाहिले, तर पडदा काळा झाला आणि बोर्डाने तीनदा टूं टूं केले. चौतीसशे सहासष्टवर मात्र मी उठून उभी राहिले. धापा टाकत का होईना, पण उभी राहिले. त्रिंबकने मांडीवर थाप मारली आणि मला तिथेच ठेवले.

त्यानंतर महिनाभराने खंडेनवमी आली. मित्रांनो, या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. स्टुडिओत कॅमेरा पाटावर मांडला होता. वर्षाराणीच्या सासूबाई, ताराबाई, तबक घेऊन आल्या. त्रिंबकला काय वाटले कोण जाणे, त्याने मला खाचेतून उपसले आणि पाटावर ठेवले.

"आई, खरं काम ही करती. पयलं हिला लाव."

ताराबाईंनी ओले हळदकुंकू दोन बोटांवर घेतले आणि मायेने माझ्या अंगभर ओढले. अंगावर लागले, तसे दातांवरही लागले. वर अक्षता पडल्या. वर्षाराणी म्हणाली, "आत्या, पुसून बसवू का?" ताराबाई म्हणाल्या, "पूजेचं कुंकू पुसत असत्यात व्हय?" कुणी पुसले नाही. मी नव्या सुनेसारखी नटून खाचेत जाऊन बसले.

तिथून माझे बिघडले. दातांवर वाळलेल्या कुंकवामुळे खाचेशी माझी नीट गाठ पडेना. त्यात धाव शक्तीबाहेरची. लाखभर आकड्यांमधला एखादा निसटायचा. एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर त्याच्या गालावर हिरवा पट्टा उमटला. कार्यकर्ते म्हणाले, "सायबाला हिरवी हळद लागली काय?" लग्नाच्या एका व्हिडिओत नवरदेव घोड्यावर चढता चढता गोठून गेला. दोष विजेला गेला, व्होल्टेजला गेला, व्हायरसला गेला. माझी तर पूजा झाली होती, माझ्याकडे कोण बोट दाखवणार?

एवढ्यावर भागले असते तरी मी गप्प राहिले असते. पण माघात एका सकाळी परमेश्वर आणि त्याचे वडील आश्रुबा स्टुडिओत आले.

आश्रुबा चौसाळ्याजवळच्या वाडीवर मेंढरे राखायचे. बिरोबाच्या जत्रेत सुंबरान मांडायचा, म्हणजे देवाच्या जन्मापासूनची कथा ओव्यांत गायचा मान त्यांच्या घराचा. तीन तासांच्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या. कागदावर एक अक्षर नव्हते. भाद्रपदात वर्षाराणीने वाडीवर जाऊन त्या सगळ्या कॅमेऱ्यात घेतल्या. त्रिंबकने मला चौतीसशे सहासष्टवर नेण्याच्याही आधीची ती गोष्ट, तेव्हा मी नीट होते. फाइल डिस्कमध्ये स्वच्छ उतरली. दिवाळीनंतर आश्रुबांच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, आवाज गेला. आता जत्रा पंधरा दिवसांवर आली होती आणि परमेश्वरला गाता येत नव्हते.

"ताई, मी जलमभर मागं झील वढली," तो म्हणाला. "म्होरं आबा, मागं मी. पेन ड्राइव्हवर भरून द्या. आयकून आयकून पाठ करतो. आमच्या घरात आता दुसरं कुनी न्हाई."

"कॅमेऱ्याच्या कार्डातून भरून देते, चांगलं येतंय," वर्षाराणी म्हणाली आणि म्हणता म्हणता थांबली. तिचा चेहरा उतरला. ते कार्ड तिने एका लग्नासाठी पुसून वापरले होते. त्या ओव्या जगात आता एकाच ठिकाणी होत्या, या संगणकात.

तिने फाइल पेन ड्राइव्हवर उतरवली आणि लावून पाहिली. आश्रुबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत बसले. स्वतःचाच आवाज ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. पाऊण तासाने आवाज किंचाळला, अडकला आणि पुढे निघून गेला. आश्रुबांनी काठी खाडकन फरशीवर आपटली.

वर्षाराणीने आणखी थोडे पुढे ऐकले आणि फाइल पुन्हा उतरवून घेतली. पुन्हा लावली. पुन्हा कुठेतरी किंचाळी आणि पुन्हा काठी.

त्रिंबकने घाईघाईने बीडच्या रामकिसनला फोन लावला. रामकिसन संगणक दुरुस्त करायचा. "डिस्क गेली बे तुही," तो फोनवरून म्हणाला. "दुरुस्तीचा प्रोग्राम चालव. ती खराब जागा हुडकून तिथल्या तिथं नीट लिवून टाकतो. लई विचार करू नको."

त्रिंबकने तो प्रोग्राम उघडला. पडद्यावर प्रश्न आला, सुरू करू का?

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली ते कसे सांगू! डिस्क ठणठणीत होती. मूळ ओव्या जशाच्या तशा होत्या. पण दुरुस्ती करणारा तो प्रोग्राम सगळे उचलून आधी माझ्याकडे आणणार, माझ्याकडून आकडे निसटणार आणि ते चुकलेले आकडे तो मूळ जागी पक्के लिहून ठेवणार. तीन तासांचा एकुलता एक आवाज माझ्या हातून नासणार होता. मला ओरडायचे होते. आत मी होते, बाहेर आश्रुबा होते. दोघांनाही बोलता येत नव्हते.

त्रिंबकचे बोट खाली जाणार, तोच आश्रुबांची काठी आडवी येऊन कीबोर्डवर पडली.

"आबा, काय करतायसा!" परमेश्वर धावला.

आश्रुबांनी मान हलवली. एक बोट वर केले, मग हाताने नदीच्या पाण्यासारखी लाट काढली. दोन बोटे वर केली, मग कपाळाला बाशिंग बांधल्यासारखे केले. पुन्हा तसेच केले.

परमेश्वर बघत राहिला. "ताई, आबा म्हनतेत, पयल्या टायमाला नदी उतरायच्या ओवीत बिघडलं. दुसऱ्या टायमाला देवाच्या लग्नात. पयल्या टायमाला लग्न नीट झालतं. दुसऱ्या टायमाला नदी नीट झालती."

वर्षाराणीने त्रिंबकचा हात धरून बाजूला केला.

"थांबा. हात लावू नका. मूळ फाइलच खराब असती तर दरवेळी एकाच जागी अडली असती ना? ही जागा बदलती. म्हंजे फाइल नीट हाय. मधीच कुनीतरी इसरतंय."

मला तर तिचे पाय धरावेसे वाटले.

त्रिंबकने तो प्रोग्राम बंद केला. मग हळू म्हणाला, "मधी तर रॅमच असती." त्याने मला तपासणारा प्रोग्राम लावला. चार मिनिटांत पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. प्रत्येक ओळ माझी चूक होती आणि सगळे जण ती वाचत होते. त्याने मान खाली घालून मला बत्तीसशेवर आणले.

"हितं चुकायची न्हाई. कारखान्यानंच लिवलंय."

पण अर्ध्या तासाने तिथेही दोन लाल ओळी आल्या. त्रिंबक हबकला. "मागल्या साली वरीसभर बत्तीसशेवरच पळत होती की! पट्टीच मेली काय मंग?"

"तवापासून काय बदललं, ते सांगा आधी," वर्षाराणी म्हणाली. तिने वीज बंद करून मला उपसले आणि दारातल्या उजेडात धरले. सोनेरी दातांवर लाल-पिवळी खरवड चढली होती.

मागे ताराबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिले आणि कपबशा खाली ठेवल्या. "माझ्या हातचं कुंकू हाय ते," त्या म्हणाल्या. वर्षाराणी पुसायला कचरत होती, सासूबाईंच्या पूजेचे कुंकू ना! ताराबाईंनी आश्रुबांकडे पाहिले आणि हात पुढे केला.

"आन हिकडं. देवाचं गाणं अडलंय माझ्या कुंकवापायी. मीच पुसते."

टेबलावरचे खोडरबर घेऊन त्यांनी माझा एकेक दात घासला, दोन्ही अंगांनी. तसे हळुवार हात मला पुन्हा कधी लागले नाहीत. त्रिंबकने रंगाच्या कोरड्या ब्रशने खाच झाडली आणि मला बसवले. सवयीने त्याने आधी चौतीसशे सहासष्टच लावले. तासाभराने एक लाल ओळ आलीच. कुंकू नव्हते तरी आली, कारण तो वेग माझा नव्हताच. धापा टाकत मी पूजेआधी महिनाभर नुसती वेळ मारून नेली होती. मग त्याने बत्तीसशे लावले. एक फेरी झाली, दुसरी झाली. पडदा स्वच्छ राहिला.

"झालं! भर आता," त्रिंबक म्हणाला.

"न्हाई. आज सव्वीसशे सहासष्टवर ठेवा," वर्षाराणी म्हणाली. "आज पळायचं न्हाई, चालायचं."

दुपार कलली होती. तिसऱ्यांदा ओव्या माझ्या हातून गेल्या. मी एकेक आकडा जपून धरला आणि जपून पुढे दिला. पेन ड्राइव्ह लागला, आवाज सुरू झाला. नदी उतरली. देवाचे लग्न लागले. दोन तास होत आले तरी कुणी जागचे हलले नाही. परमेश्वरचा हात गुडघ्यावर ताल धरू लागला होता.

आणि काठी आपटली.

वर्षाराणीने डोळे मिटून घेतले. तिने तीच जागा पुन्हा लावली. आवाज स्वच्छ होता, किंचाळी नव्हती. काठी मात्र पुन्हा आपटली. तिने मूळ फाइल लावली. तिथेही स्वच्छ आवाज आणि तिथेही काठी.

तेव्हा आश्रुबांनी बोट उचलले आणि स्वतःच्या छातीला लावले. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाजाशिवाय.

परमेश्वरने ती जागा पुन्हा ऐकली आणि ताडकन उभा राहिला. "आबा! तुमी हितं एक कडी खाल्ली! मेंढरं पान्यावर गेल्यावर मधी एक कडी हाय की!" आणि कुणी न सांगता त्याने ती कडी म्हटली. आधी पुटपुटत, मग मोकळ्या गळ्याने, झीलकऱ्याच्या नाही, पुढच्या गायकाच्या सुरात. म्हणून झाल्यावर तो स्वतःच दचकला. जन्मभर मागे उभे राहून त्याच्या मनात काय काय साठले होते, ते त्याचे त्यालाच माहीत नव्हते.

आश्रुबांनी काठी हळूच फरशीवर आडवी ठेवली.

मित्रांनो, आज मी बत्तीसशेवर धावते आणि कुणी मला आणखी पळवत नाही. खंडेनवमीचे कुंकू ताराबाई आता संगणकाच्या पेटीच्या झाकणाला लावतात. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. आमच्या पाठीवर लिहिलेले वाचा, त्याच्या पलीकडे आम्हाला पळवू नका. माया करा, पण आमची जागा ओळखून करा. आणि काही बिघडले तर दुरुस्तीची घाई करण्याआधी ज्याला ते पाठ आहे त्याच्याकडे एकदा बघा, मग त्याला बोलता येत नसले तरी चालेल.

जत्रेला मी कशी जाणार? पण वर्षाराणीने परमेश्वरचे सुंबरान कॅमेऱ्यात घेतले आणि ते उतरवायला माझ्याकडेच आणले. चित्रात आश्रुबा पुढेच बसले होते, काठी मांडीवर घेऊन. पाण्यावरच्या मेंढरांची ती कडी त्यात होती. आणि सगळ्या तीन तासांत काठी एकदाही वाजली नाही.