पाठीमागची खिडकी

पुण्याच्या दवाखान्यातून शितल वरवंडला घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, सम्राटला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता औषधानं दुखणं कमी ठेवायचं, एवढंच." सम्राटनं ते आईच्या, आक्काबाईच्या, कानावर घातलं. शितलला कुणी काही बोललं नाही, पण तिला कळलेलं होतं.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत तिची कॉट होती आणि तिथं खिडकीच नव्हती. गडद निळा ऑइलपेंट, दिवसाही लावलेली ट्यूब, पायाशी लोखंडी कपाट, उशाशी औषधांचा ढीग. शितल भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. ताट तसंच परत जायचं.

एकदा सम्राट तिचे पाय चेपत होता. ती म्हणाली, "दवाखान्यात कॉट खिडकीशी हुती. बाहेर झाड हुतं. दुखायचं तिथंबी, पण झोप लागायची. हितं डोळं उघडलं की कपाट."

"मागची भिंत फोडतो," सम्राट आईला म्हणाला.

आक्काबाई भडकली. "तुझ्या बापानं मजुरीवरनं येऊन एकेक वीट लावलीया ती. आन् तू घण घालणार?"

मग जरा वेळानं तीच खालच्या आवाजात बोलली. मागचं रान मारुतरावांचं. घर बांधताना खिडकीला जागा सोडलेली होती. तेव्हा मारुतरावांचे वडील बांधावर येऊन म्हणाले, "आमच्या रानात तुमची खिडकी नको." तिच्या नवऱ्यानं ती जागा बुजवली. पुढं मरेपर्यंत त्यानं खिडकीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काबाई कुणाला न सांगता रानात गेली. मारुतराव गुरांसाठी पेरलेल्या कडवळाला पाणी देत होते.

"सून आता थोड्या दिसांची हाय," ती म्हणाली. "तिला जरा हिरवं दिसू द्या."

मारुतरावांनी हातातलं खोरं बांधावर टेकवलं. "आक्का, म्हाताऱ्यानं तवा वंगाळ केलं. उघडा खिडकी. तुमाला इचारायला यायला लागाय नको हुतं."

घरी येऊन हे सांगताना तिनं तोंडाला पदर लावला. नवऱ्यासाठी रडत होती की सुनेसाठी, सम्राटला कळेना.

खिडकी बसली. बाकीचं शितलनं पडल्या पडल्या सांगितलं. "कपाट बाहीर काढा. औषधं डब्यात ठिवा, डोळ्यापुढं नकोत. पांढरा रंग नको, दवाखाना वाटतो." सम्राटनं फिकट पिवळा दिला आणि बाहेरचं दिसावं म्हणून कॉटखाली विटा लावल्या. आक्काबाईनं जुन्या सुती लुगड्याचा पडदा शिवला. सहा वर्षांच्या लेकीनं, समृद्धीनं, मोगऱ्याची कुंडी आणून खिडकीत ठेवली.

शितल उठून बसायला लागली. खिडकीबाहेरच्या शेवग्यावर इवलासा काळा पक्षी यायचा, तो लेकीला दाखवायची. अर्धी भाकरी खायची. दुपारची गाढ झोपायची. सम्राट शीळ घालत कुरकुंभच्या कारखान्यात कामाला जाऊ लागला. एकदा तिचे कागद घेऊन तो मोठ्या आशेनं डॉक्टरांकडंही जाऊन आला. ते म्हणाले, "आजार आहे तिथंच आहे. पण झोपतेय, खातेय, हे काय कमी आहे?"

शितलनं त्याचा पडलेला चेहरा पाहिला. "बरं वाटतंय म्हंजी बरी झाले असं न्हाई, हो," ती म्हणाली. "पण बरं वाटतंय, हे खरं हाय."

दिवाळीच्या आधी एका सकाळी सम्राट पहिल्या पाळीला गेलेला. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून आक्काबाई पडदा ओढायला उठली.

"राहू द्या, आत्या," शितल म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "तुमी बसा माझ्यापाशी."

आक्काबाई बसली. तिच्या हातात सुनेचा हात होता. तो कधी जड झाला, ते तिला कळलं नाही.

अंत्यविधी झाला, बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. समृद्धीला मावशी आपल्याकडं निमोण्याला घेऊन गेली. सम्राट ओट्यावर येऊन आईशेजारी बसला.

"आई, मला वाटलं हुतं ती बरी व्हईल."

"व्हय रं," आक्काबाई म्हणाली. "मलाबी वाटलं हुतं."

दोघंही मग बराच वेळ तिथंच बसून राहिली. चूल पेटवायचं कुणाच्या मनात आलं नाही.