खाऱ्या गावातला गोड्या पाण्याचा रांजण

मी रांजण बोलतोय. पोटातून बोलतोय म्हणून आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या. तेल्हाऱ्याकडच्या एका खाऱ्या गावात, खुशालरावांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मी वाळूत बूड रुतवून बसलो आहे. माझ्या अंगावर दोन पांढरे वण आहेत, एक लांबलचक आणि एक बोटभर. नवे पाहुणे ते बघून चुकचुकतात. त्यांनी चुकचुकू नये. ते माझे दागिने आहेत, आणि ते कसे मिळाले हे सांगितल्याशिवाय आज मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म अकोल्यातला, मोर्णाकाठच्या कुंभारवाड्यातला. खुशालरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, मला स्वतः निवडलं. बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, आत तोंड घालून वास घेतला, आणि मग माझ्या शेजारचा देखणा रांजण सोडून मला उचललं. त्या घटकेपासून मी त्या बाईचा झालो. निघताना कुंभारानं बजावलं होतं, ‘एकदा बसवला की हलवू नका.’ मनकर्णाबाईनं ते मनात ठेवलं. घरच्या बाकीच्यांच्या कानांबद्दल मी काय बोलू!

आमच्या गावाची काळी जमीन कापसाला जितकी माया करते, तितकी माणसाच्या घशाला करत नाही. कुठंही खणा, पाणी खारंच. त्या पाण्यात डाळ सकाळी टाकली तरी संध्याकाळी दाणा न् दाणा टणटणीत. म्हणून पिण्याचं आणि शिजवण्याचं गोडं पाणी दोन कोसांवरच्या नदीतल्या झऱ्यावरून बैलगाडीनं यायचं आणि माझ्या पोटात राहायचं. घरातला सगळा गोडवा माझ्याकडे होता असं म्हटलं तरी चालेल. थोडी ऐट होती मला, कबूल आहे.

मग कापसाचं वारं सुटलं. सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली आहे आणि विलायतेच्या गिरण्यांना आता आमच्याच कापसाचा आधार आहे, असं ओसरीवर बसणारे व्यापारी सांगत. मला एवढंच ठाऊक की कापूस घरात शिरला. आधी कोठीत, मग माजघरात, मग देवघराच्या दाराशी. भाकरीत कापूस, वरणात कापूस, खुशालरावांच्या मिशीत कापूस.

“अवो, कालवनात बी बोंड निंगून राह्यले,” मनकर्णाबाई एकदा चिडून म्हणाली.

“बोंड नोय थे, चांदी हाये चांदी!” खुशालराव हसले.

“मंग आजपासून चांदीच चावा. भाकरी करत नाई मी.”

खुशालराव वाईट माणूस नव्हते. पण पैसा आला की काही माणसांना घरातली प्रत्येक जुनी वस्तू टोचायला लागते, तसं त्यांचं झालं होतं. एके दिवशी कापसाचा ढीग स्वयंपाकघरात आणायचा म्हणून त्यांनी दोन गड्यांना हाताशी धरलं आणि मनकर्णाबाई गाडीबरोबर झऱ्यावर गेलेली असताना मला उचलवलं. पाण्यासकट! एका गड्याचा हात सुटला. कडकन आवाज झाला. माझ्या पोटावर वीतभर चीर गेली.

पाणी भळभळलं नाही, झिरपत राहिलं, आणि झिरपणं हे भळभळण्यापेक्षा वाईट. भळभळलं तर माणूस लगेच काही करतो. झिरपलं की रोज कुरकुरतो आणि तसंच चालवतो. जमीन कायमची ओली, सारवण निघून आलेलं, मुंग्यांची रांग, आणि दुपार उलटली की माझा तळ कोरडा. एरवी दोन दिवस पुरणारं पाणी आता रोज आणावं लागू लागलं.

मनकर्णाबाईनं कणकेत राख मळून चीर बुजवली. छान बसली होती. रात्रीतून उंदरांनी खाल्ली.

मग खुशालरावांनी बाह्या सरसावल्या. “तुले नाई जमत. मी करतो,” म्हणाले, आणि गाडीच्या चाकाला लावतात ते काळं वंगण आणून चिरेवरच नव्हे, माझ्या सबंध अंगाला फासलं! गळणं थोडं कमी झालं खरं. पण रांजणाचं पाणी गार का होतं? आमच्या अंगाला घाम येतो म्हणून. वाऱ्यानं तो घाम वाळतो आणि आत गारवा उतरतो. वंगणानं माझा घामच बंद केला. वैशाखातल्या त्या उन्हात मी आतून उकळत होतो आणि पाण्याला बैलगाडीच्या कण्याचा वास येत होता. पहिला घोट खुशालरावांनीच घेतला आणि पहिली गुळणीही त्यांनीच टाकली.

“फेका थो मातीचा!” असं म्हणून ते अमरावतीला गेले आणि माणसाच्या छातीएवढा तांब्याचा हंडा घेऊन आले. गावभर मिरवत आणला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून ओसरीवर मांडला. मला गोठ्यामागे नेऊन आडवं केलं. एक कोंबडी दोन दिवस माझ्यात येऊन बसली. त्याबद्दल जास्त विचारू नका.

पण मनकर्णाबाईच्या जिवाला घोर वेगळाच होता. तिचा मुलगा किसन लग्नाचा झाला होता. मुलगा कष्टाळू, घरी कापूस, तरी दोन ठिकाणची माणसं बोलणी अर्ध्यावर टाकून निघून गेली होती. कारण एकच. खारपाणात, म्हणजे या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, लेक द्यायची नाही. जन्मभर पाण्यामागे धावेल पोरगी, म्हणत. आता पातूरहून तिसरं स्थळ आलं होतं. मुलीचं नाव शालू. पातूर म्हणजे डोंगराकडचं गाव, तिथलं पाणी गोड. शालूला आई नव्हती. तिला वाढवलं होतं माणिकबाई नावाच्या तिच्या आत्यानं, आणि माणिकबाईनं निरोप धाडला होता: ‘घर नंतर पाहू, पयले पानी पाहू.’

किसननं शालूला पातूरच्या जत्रेत पाहिलं होतं. बोलत काही नव्हता, पण कोणी पातूरचं नाव काढलं की बैलांना दुसऱ्यांदा वैरण घालायचा.

“हंडा हाये ना आता,” खुशालराव म्हणाले. “पाहूनच गार होईल थे बाई.”

मनकर्णाबाई उठली. सरळ गोठ्यामागे आली. कोंबडीला हुसकलं आणि माझ्या अंगावर हात फिरवून म्हणाली, “उठ बाप्पा. तुह्याबिगर काई खरं नाई माह्यं.”

मी मातीचा नसतो तर रडलो असतो.

तिनं आधी राखेनं आणि कढत पाण्यानं मला घासून घासून सोललं. तरी वंगण मुरलेलंच. मग माझ्या आत आणि भोवती पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्या रचून मंद जाळ केला. माझी भीतीनं गाळण उडाली. चीर वाढली तर मी संपलो! पण ती बाई एकेक काडी टाकत राहिली, जाळ चढू दिला नाही. वंगण काळ्या धुरानं निघून गेलं आणि मी पुन्हा भट्टीतून आल्यासारखा लाल झालो.

आता चीर. तिनं चाळलेला चुना घेतला, बेलफळाचा चिकट गर घेतला, चिमूटभर गूळ घेतला. मिश्रण धरून ठेवायला कापूस हवा होता. घरात छपरापर्यंत कापूस, आणि तिनं उचलली काय, तर कोपऱ्यात झाडून टाकलेली कवडी. किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांचा पिवळट कापूस म्हणजे कवडी. त्याला व्यापारीही हात लावत नसे. सगळं पाट्यावर वाटून तिनं चिरेत आतून-बाहेरून अंगठ्यानं दाबून भरलं, वर ओलं फडकं बांधलं, आणि सुकेपर्यंत आजारी माणसाला जपावं तशी मला जपत राहिली. बाकी अंगाला कशाचाही हात लावला नाही. माझा घाम मला परत मिळाला.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी तिनं किसनकडून स्वयंपाकघरातला कापसाचा ढीग हलवून घेतला, मला माझ्या वाळूत बसवलं आणि काठोकाठ भरलं. आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. खाली एक थेंब आला नाही. अंगावर मात्र बारीक दंव फुटलं. मनकर्णाबाई एकटीच हसली, पदरानं डोळे पुसून पुन्हा हसली.

माणिकबाई आली ती भर दुपारी, भावाला बरोबर घेऊन. उंच, काळीसावळी, नजर अशी की दारानं आपण होऊन उघडावं. बहिणीच्या तोंडून जे निघेल ते आपलं, असा तो शालूचा बाप. खुशालरावांनी मोठ्या थाटात ओसरीवरच्या हंड्यातून तांब्या भरून दिला. सकाळपासून हंडा उन्हात तापत होता, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माणिकबाईनं घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

“दादा, आंघोळीले दिलं का पियाले?”

खुशालरावांचा चेहरा हंड्यापेक्षा लाल झाला. शालूचा बाप उपरणं झटकून उठायच्या बेतात. दाराआड उभा असलेला किसन पांढराफटक. हे स्थळही गेलंच होतं हो, उंबऱ्यापर्यंत गेलं होतं!

तेवढ्यात मनकर्णाबाई बाहेर आली. “बाई, थे देखाव्याचं. घरचं पानी आत हाये. या.”

माणिकबाई आत आली. माझ्यातून भरलेलं फुलपात्र तिनं तोंडाला लावलं आणि खाली ठेवलंच नाही. दुसरं मागितलं. तेही एका दमात संपवलं. त्या वेळी मला माझ्या जन्माचं सोनं झाल्यासारखं वाटलं.

“इहीर गोडी हाये तुमची?”

“खारी हाये. खोटं काहून सांगू? हे दोन कोसावरून येते, गाडीनं.”

“रोज?”

“पयले रोज लागे. आता नाई.”

माणिकबाईनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. “भरला कधी?”

“काल सकाळी.”

माझं पोट अजून अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. तिचा हात बाहेर आला आणि माझ्या वणावर थांबला. नखानं तिनं तो खरवडून पाहिला. मी अंग आवळून बसलो. कणभरही निघालं नाही.

“कोनं बुजवलं हे?”

“मीच.”

“एवढा पैसा आला, नवा नाई घेतला?”

“नवा पयले मातीचाच वास देते. अन् हा गुनी हाये. एका चिरीपायी गुनी मानूस कोनी घराभायेर काढते का?”

माणिकबाईनं बाही खाली केली. मग ओसरीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, “दादा, तुमच्या हंड्यात माह्यं तोंड दिसलं, पन तहान नाई गेली. पोरगी देते मी. हंडा पाहून नाई देत. या बाईच्या हाताखाली देते.”

किसन बैलांना वैरण घालायला पळाला.

शालू आली. येताना आत्यानं तिच्याबरोबर पातूरच्या डोंगरातली बेलफळांची टोपली धाडली होती. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बुडाशी बारीक पाझर फुटला. पहाटे सारवताना शालूला ओल लागली. तिनं कोणाला हाक मारली नाही. चुना भिजवला, बेलफळ फोडलं, कोपऱ्यातली कवडी उचलली. मनकर्णाबाई उठून आली तेव्हा सून अंगठ्यानं लेप दाबत होती. सासू शेजारी बसून फडकं ओलं करू लागली. हा माझा बोटभर वण.

अलीकडे झऱ्यावर नदीकाठच्या गावातल्या बायकांनी शालूला डिवचलं, खाऱ्या गावात कशी राहतेस गं? ती म्हणाली म्हणे, “आमच्या घरचं पानी पिऊन पाहा.” आमच्या घरचं! हे मला किसननं सांगितलं, म्हणजे बैलांना सांगत होता, मी ऐकलं.

हंडाही सुखात आहे. त्यात आता बैलांची सरकी असते. आणि खुशालराव बाजाराहून उन्हातून येतात, त्या हंड्यावरून नजर काढून घेतात, थेट माझ्यापाशी येऊन फुलपात्र बुडवतात. पिऊन झालं की माझ्या लांब वणावर थोपटतात.  

एवढंच मागणं आहे माझं. तुमच्या घरी कोणी गळत असेल, करकरत असेल, डुगडुगत असेल, तर गोठ्यामागे नेण्याआधी एकदा हात लावून बघा. आणि आमच्या गावावरून गेलात तर आत या. ओसरीवर थांबू नका, सरळ स्वयंपाकघरात या. मी भरलेला आहे.