अर्लीनाची ना नसतेच

"तर मग लिहू का, सभा अ‍ॅक्विएस झाली म्हणून?" सभेचा कारभारी एलवूड याने कानावरची पेन्सिल काढली आणि बाकांवरून नजर फिरवली.

कुणी बोलले नाही. ओहायोतल्या त्या क्वेकर पंथाच्या प्रार्थनागृहात मते मोजायची रीतच नव्हती. सगळ्यांचे मन जुळले तर ठराव, एकाचेही अडले तर थांबायचे. आणि जो गप्प राहील त्याचा होकार धरायचा. आजचा ठराव होता गळके प्रार्थनागृह विकून शहरातल्या मोठ्या सभेत सामील होण्याचा.

अर्लीना खिडकीशी बसली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात गेलेली बाई. नवरा डेल प्रार्थनागृहामागच्या कुंपणापलीकडे पुरलेला, त्याला भेटायला ती रोज चालत यायची. गाडी तिला चालवता येत नव्हती. ती खिडकीतून त्या कुंपणाकडे बघत राहिली.

"एवढा जड शब्द कशाला रे?" शेजारची रुथअ‍ॅना म्हणाली. जन्मभर लॅटिन शिकवलेली ती, गप्प कशी बसेल! "अर्थ तरी ठाऊक आहे का?"

"न बोलता हो म्हणणं. आणखी काय?"

"ते नंतर चिकटलं. मुळात लॅटिनमध्ये विसावणं. दमलेला माणूस भिंतीला पाठ टेकतो ना, तसं. आधी मन विसावतं, मग माणूस गप्प होतो. हत्ती गेला नि तुमच्या हाती शेपूट राहिलं!"

हशा पिकला. अर्लीना मात्र हसली नाही. नवऱ्याने न विचारता गायी विकल्या, तेव्हा ती गप्प होती. मुलाने दूर ओरेगनला बिऱ्हाड हलवले, तेव्हाही गप्पच. "अर्लीनाची काय, ना नसतेच," असे सगळे कौतुकाने म्हणत. आणि ती रिकाम्या गोठ्यात जाऊन रडली होती! त्यात विसावा कुठे होता? एकदा तरी?

ती उभी राहिली.

"माझं मन नाही विसावलेलं," ती म्हणाली. "मला हे पटत नाही, एलवूड. माझा डेल इथं आहे. मी इथं चालत येते, तिकडे कशी येऊ?"

एलवूड आ वासून बघत राहिला. "अगं, मग इतकी वर्षं सभेत कधी बोलली का नाहीस?"

"तू विचारतोस नि लगेच लिहायला घेतोस रे!"

रुथअ‍ॅनाने तिचा हात घट्ट धरला. एलवूडने पेन्सिल खाली ठेवली. "नाही लिहीत. छपराचं काय करायचं ते पुढल्या महिन्यात बसून बघू."

ठराव मोडला नव्हता, नुसता थांबला होता. तरी अर्लीनाला इतके हलके वाटले की डोळे भरून आले.

सभा उठल्यावर एलवूड कोट चढवत तिच्यापाशी आला. "पुढल्या वेळी सभेनंतरच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड तुझ्याचकडे ना, नेहमीसारखं?"

अर्लीना सवयीने गप्प राहिली. तो मान डोलावून निघालासुद्धा. मग दारात थबकला, मागे वळला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"नाही," अर्लीना म्हणाली. "या खेपेला तू कर."